भाजीची गोडी हाताला आधी लागते

ताटात भाजी पडताच तोंड फिरविणारे मूल बहुतेक प्रत्येक घरी असते. "याला भाजी आवडतच नाही, हा जात्याच तसा आहे," असे म्हणून वडील मंडळी तो विषय संपवितात. मूल वाढते, तरुण होते, संसाराला लागते. पण ताटातील पालेभाजी बाजूस सारण्याची सवय तशीच राहते. पुढे त्याच्या मुलांच्या ताटातही ती भाजी वाढली जात नाही, कारण बापाला न आवडणारा पदार्थ घरात शिजत नाही. अशा रीतीने एका माणसाची नावड दोन-तीन पिढ्यांची नावड होऊन बसते.

ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही. २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांत, आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. परंतु रोजच्या जेवणात पालेभाज्या, शेंगा व फळे यांचा अभाव हे त्यांपैकी एक प्रमुख कारण होय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जो आदर्श आहार सांगितला, त्यात प्रौढ माणसाच्या दिवसाच्या अन्नात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत असे म्हटले आहे. ज्या घरात भाजी म्हणजे बटाटा एवढाच अर्थ उरला आहे, त्या घराला हा आकडा फार दूरचा वाटेल.

तेव्हा प्रश्न असा की, नावड जाऊ शकते काय? जाऊ शकते. मात्र ती उपदेशाने जात नाही. ती कशी जाते हे पाहण्यासाठी मिरा-भाईंदरचा किनारा सोयीचा आहे. कारण भाजी पिकविणारे, मासे धरणारे आणि दोन्ही विकत घेणारे लोक तेथे एकमेकांच्या शेजारी राहतात.

किनाऱ्यावरचे ताट

मिरा-भाईंदरच्या पश्चिमेस राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन ही जुनी गावे आहेत. भात, मीठ, मासळी आणि भाजी या चार गोष्टींवर या पट्ट्यातील संसार चालत आले. स्टेशनच्या बाजूस मात्र शेतांच्या व मिठागरांच्या शेजारी एका पिढीत शहर उभे राहिले. १९९१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या १,७५,६०५ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,०९,३७८ भरली. आज तेथील पुष्कळ मुलांनी भेंडीचे झाड पाहिलेले नाही. त्यांना भेंडी ठाऊक आहे ती पिशवीतून येणारी. ज्या वस्तूची ओळख नाही तिच्याविषयी ओढ वाटत नाही, हा मनुष्यस्वभावच आहे.

किनाऱ्यावरील मासेखाऊ घरांत ही अडचण निराळ्या रूपात दिसते. तेथे मासळीचा तुकडा नसला तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही, आणि भाजी म्हणजे उपासाचे किंवा आजारपणाचे अन्न समजले जाते. परंतु जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि तो माशांच्या प्रजननाचाही काळ असतो. त्या दिवसांत ताजी मासळी महाग होते आणि घरात सुके बोंबील, जवळा, सुकी करंदी यांचे डबे उघडतात. नेमक्या याच दिवसांत अंगणात व बांधावर माठ, अळू, भेंडी, शिराळी, काकडी यांना पाऊस मानवतो. हा काळ भाजीची ओळख करून देण्यास सर्वांत चांगला.

नावड कोठून येते?

मूल दोन ते सहा वर्षांचे असताना अनोळखी अन्नाला हात लावावयास बिचकते. पायांनी हिंडू लागलेल्या मुलाने दिसेल ते पान तोंडात घालू नये, यासाठी निसर्गाने दिलेली ती सावधगिरी असावी. कडू चवीविषयीची तक्रारही अशीच आहे. वनस्पतींतील अनेक विषे कडू असतात, म्हणून कडू थुंकून टाकण्याची प्रवृत्ती उपजत असते.

शिवाय सर्वांच्या जिभा सारख्या नसतात. १९३१ साली आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका रसायनाची भुकटी हवेत उडाली. शेजारच्या माणसाला ती कडू लागली. फॉक्सला मात्र तिची चवही कळली नाही. हा फरक आनुवंशिक असतो हे पुढे सिद्ध झाले. कोबी, फुलकोबी, मुळा यांतील कडवटपणा काही मुलांना खरोखरच अधिक जाणवतो. अशा मुलास हट्टी म्हणून रागे भरणे अन्यायाचे आहे.

पण जन्मजात असते ती फक्त सुरुवात. पुढची आवड सवयीने घडते. आईने गरोदरपणी व अंगावर पाजताना जे खाल्ले असेल, त्याचा स्वाद गर्भजलातून व दुधातून बाळापर्यंत पोचतो, आणि पुढे तो स्वाद त्यास परका वाटत नाही. नको असलेला पदार्थ थोडा थोडा, दडपण न आणता, साधारणतः आठ ते पंधरा वेळा चाखावयास मिळाला म्हणजे बहुतेक मुले तो स्वीकारू लागतात, असे आहारविषयक प्रयोगांत दिसून आले आहे. घरोघरी चूक होते ती येथे. दोन-तीन वेळा नकार मिळाला की आई ती भाजी करणेच सोडून देते. मूल ज्या वेळी वळण्याच्या बेतात असते, त्या वेळी आपण थांबलेले असतो.

चव शिकता येते याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची व लाल भोपळा ही पिके मूळची अमेरिका खंडातील. 'बटाटा' आणि 'कोबी' हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत हा सारा किनारा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. ज्या पूर्वजांनी बटाटा प्रथम पाहिला, ते सारे त्या अर्थाने न खाणारेच होते. आज बटाट्यावाचून उपवासही होत नाही. समाजाची जीभ जर इतकी बदलू शकते, तर एका मुलाची का बदलणार नाही?

एका मुलाचे उदाहरण

किनाऱ्यावरच्या घरातील सातवी-आठवीतल्या एका मुलाचे उदाहरण घेऊ. तो मासळी मिटक्या मारीत खातो. भाजीत फक्त बटाटा. जूनचा दुसरा आठवडा आहे. मासळी नाही, म्हणून तो जेवणावर रुसला आहे. आईने येथे दोन गोष्टी करू नयेत. भाजी बळेच तोंडात कोंबू नये, आणि "भाजी संपव, मग गोड देते" असे आमिषही दाखवू नये. बक्षिसाच्या लोभाने खाऊ घातलेल्या पदार्थाची आवड वाढण्याऐवजी कमी होते, असे आढळले आहे. ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असले पाहिजे, असा हिशेब मूल मनाशी करते.

तिने त्याच्या हाती विळी द्यावी आणि म्हणावे, "आज बोंबील तू कर. मी सांगते तसे."

पहिला पदार्थ मुलाच्या आवडीचा असावा व त्यात नावडतीचा शिरकाव व्हावा. आठ-दहा सुके बोंबील डोके-शेपूट काढून, तुकडे करून, तव्यावर जरासे भाजून घ्यावेत व दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून धुवावेत. पाव किलो कोवळी वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकावीत, म्हणजे ती काळी पडत नाहीत. दोन पळ्या तेलात पाच-सहा ठेचलेल्या लसूणपाकळ्या व एक कांदा परतावा. हळद व घरचा मसाला घालावा. वांगी व बोंबील टाकून तीन-चार आमसुले आणि वाटीभर पाणी घालून झाकण ठेवावे. वांगी मऊ झाली की मीठ चाखूनच घालावे, कारण बोंबील खारट असतात. वांग्यात बोंबलाचा व लसणाचा रस मुरतो. मुलाच्या जिभेला ती चव ओळखीची वाटते. तिच्याबरोबर वांगेही ओळखीचे होते.

पुढच्या आठवड्यात वांगी तेवढीच, बोंबील निम्मे. त्यानंतर दोन-तीनच तुकडे, वासापुरते. महिनाभराने त्याच मसाल्याची नुसती वांगी करावीत. याच वाटेने मूठभर जवळा घालून माठ, कोलंबी घालून दुधी, करंदी घालून आंबाडी, असे पदार्थ करता येतात. हे पदार्थ किनाऱ्यावरील घरांना नवे नाहीत. आज्यांना ते ठाऊक आहेत. ज्या घरी मासळी चालत नाही त्यांनी तेच काम शेंगदाण्याचे कूट, ओले खोबरे, भिजवलेली डाळ किंवा वालाचे बिरडे यांकडून करून घ्यावे. तत्त्व एकच की, नव्या पाहुण्याला ओळखीच्या माणसाबरोबर घरात आणावे.

स्वतः रांधलेल्या पदार्थाविषयी माणसाला अभिमान वाटतो. ज्याने वांगी चिरली, फोडणीचा चटका सोसला, मीठ चाखले, तो निदान एक घास तरी खातोच. त्या एका घासाची मोजणी सुरू झाली की पुढचे काम वेळ करतो. हे शिक्षण मुलींपुरते ठेवू नये. नोकरीसाठी परगावी एकट्याने राहणाऱ्या तरुणाला ज्या दिवशी भाजी रांधता येत नाही, त्या दिवशी त्याचे जेवण वडापाव आणि चहावर येऊन ठेपते.

शिजविण्यातील चुका

पुष्कळदा मुलाला न आवडलेली वस्तू ही भाजी नसते. ती बिघडलेली भाजी असते. काही नेहमीच्या तक्रारी व त्यांवरील उपाय पुढे दिले आहेत.

भेंडी बुळबुळीत होते: भेंडी धुऊन, कोरडी पुसून मगच चिरावी. तेल तापल्यावर टाकावी, झाकण ठेवू नये, आरंभीच दोन-तीन आमसुले घालावीत आणि मीठ शेवटी घालावे. आंबटाने बुळबुळीतपणा मोडतो.

कोबी-फुलकोबीला उग्र वास येतो: या भाज्यांत गंधकयुक्त द्रव्ये असतात. भाजी जितकी अधिक वेळ शिजेल तितका वास वाढतो. बारीक चिरून, थोड्या पाण्यात, किंचित करकरीत राहील इतपतच शिजवावी.

पालेभाजी काळपट व चिकट होते: पाने चिरण्यापूर्वी तीन पाण्यांनी धुवावीत, चिरल्यावर धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. उघड्या भांड्यात, मोठ्या आचेवर, थोडक्या वेळात शिजवावी म्हणजे हिरवा रंग टिकतो. फोडणीचे तेल टाळू नये, कारण पानांतील 'अ' जीवनसत्त्वाचा अंश शरीरात शोषला जाण्यास स्निग्ध पदार्थ लागतो. ताटात लिंबाची फोड असावी. त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह अंगी लागते.

अळू खाजते: त्यात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. चिंच किंवा आमसूल घालून अळू पुरते शिजवावे. अर्धवट शिजलेले अळू मुलाला कधीही देऊ नये.

कारले कडू लागते: पातळ चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवाव्यात, पिळून तेलावर कुरकुरीत कराव्यात, शेवटी आमसूल व थोडा गूळ घालावा. मिठाने कडवटपणाची जाणीव कमी होते. कारले मात्र अगदी शेवटी शिकवावे. त्याने आरंभ करणे म्हणजे पहिल्याच दिवशी खोल पाण्यात ढकलणे होय.

एका बाबतीत मुलाचा नकार नेहमी मानावा. दुधी, काकडी किंवा शिराळे कडू निघाले, तर ते ताबडतोब फेकून द्यावे. अशा फळांतील कडू द्रव्य विषारी असते, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. चिरताना दुधीचा लहान तुकडा जिभेला लावून पाहण्याची सवय शिकाऊ हाताला पहिल्या दिवसापासून लावावी.

गोडी शेतातून सुरू होते

येथे शेतकरी बंधूंचाही संबंध येतो. भेंडी दोन दिवस उशिरा तोडली तर ती जून होते, तिच्यात दोर येतो. असा दोर एकदा दातांत अडकला की मूल वर्षभर भेंडीचे नाव काढीत नाही. दोष भेंडीचा नव्हता, तोडणीचा होता. म्हणून भेंडीची तोडणी दिवसाआड करावी. वांगे तकाकी असतानाच काढावे. तकाकी गेली की बी टणक होते व गर कडवट लागतो. शिराळे, पडवळ व कारले बी कोवळे असतानाच तोडावे. पालेभाजी सकाळी काढून, सावलीत ठेवून, ओलसर फडक्यात बांधून बाजारात न्यावी. वजन वाढविण्यासाठी दोन दिवस वेलीवर ठेवलेले फळ आज चार पैसे अधिक देते, पण उद्याचे गिऱ्हाईक घालविते. जवळच्या बाजारात माल नेणाऱ्या उत्तन, डोंगरी, वसईच्या बागायतदाराला दूरच्या मालापुढे कोवळेपणा आणि ताजेपणा हेच खरे भांडवल आहे.

वाणाची निवडही महत्त्वाची. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने कोकणच्या हवामानासाठी कारल्याचा 'कोकण तारा', शिराळ्याचा 'कोकण हरिता', पडवळाचा 'कोकण श्वेता' व वालाचा 'कोकण भूषण' असे वाण दिलेले आहेत. परसबागेसाठीही ते उपयोगी आहेत.

मुलाचे पहिले पीक मात्र मेथीचे असावे. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत घेतली जाणारी बारीक मेथी, जिला समुद्रमेथी म्हणतात, ती मुलांच्या उतावळ्या स्वभावास साजेशी आहे. घरातील मेथीदाणे रात्रभर भिजवावेत, भोके पाडलेल्या पसरट खोक्यात तीन-चार बोटे धुतलेली वाळू व माती घालून त्यावर दाट पेरावेत आणि रोज हलके पाणी शिंपडावे. दोन-तीन आठवड्यांत जुडी हाती येते. इमारतीतील गॅलरीतही हे जमते. आपण पेरलेली मेथी आपण खुडली, आपण धुतली, आपण लसणावर परतली; आता ती कडू आहे म्हणून ताटाबाहेर टाकणे मुलाला जड जाते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

या भागाला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे त्यांनी करून दाखविले. भाजीच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. मूल भाजीकडे येत नसेल तर भाजीने त्याच्या हातात, त्याच्या खेळात आणि त्याच्या आवडीच्या कालवणात जावे.

अंगणवाडी, शाळा, महिला मंडळ किंवा बचत गट यांच्यामार्फत गावपातळीवरील कार्यकर्त्यांना पुढील गोष्टी सहज करता येतील. शाळेच्या परसबागेत प्रत्येक मुलाला एक वाफा किंवा एक वेल नेमून द्यावा. महिन्यातून एकदा मुलांनी स्वतः काढलेली भाजी मोठ्यांच्या देखरेखीखाली स्वतः शिजवावी. पावसाळ्यात कृषी विभागामार्फत रानभाजी महोत्सव भरविले जातात. तेथे मुलांना न्यावे व गावातील जाणत्या आज्यांना बोलते करावे. रानातील पाला ओळखणाऱ्या माणसाने दाखविल्याखेरीज मात्र खाऊ नये. घरभेटीत "मुलाला भाजी देता काय?" एवढेच विचारून थांबू नये, "कितव्यांदा दिली?" असेही विचारावे. एखादे मूल जवळजवळ सर्वच अन्न नाकारीत असेल किंवा त्याचे वजन घटत असेल, तर ती साधी नावड न समजता त्यास आरोग्यकेंद्रात दाखवावे.

ऑगस्ट उजाडतो. होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात आणि ताजी मासळी घरात येऊ लागते. आपल्या उदाहरणातील मुलगा पुन्हा मासळीकडे धावेल, आणि त्यात वावगे काही नाही. मासळी हे उत्तम अन्न आहे. पण दोन महिन्यांत त्याने दहा-बारा वेळा भाजी चिरली, शिजविली व चाखली असेल, तर मासळीच्या कालवणाशेजारी माठाची भाजी वाढल्यावर तो ताट फिरविणार नाही. कदाचित "यात लसूण कमी पडली," अशी तक्रार करील. आईने ती तक्रार आनंदाने ऐकावी. जो भाजीत खोड काढतो, तो भाजी खाऊ लागलेला असतो.